शिमग्यानंतरचा व्यवहार

पालखी देवळात परतली, त्याच्या चौथ्या दिवशी
भालचंद्रचा खांदा गेला.
जाळं ओढताना गेला,
पण गावभर झालं, बॉलिंगने गेला.
सहा सामने उरलेले. आम्ही तिसरे.
शेवटच्या षटकाला चेंडू मागायला
मोठ्यांतलं कोणी पुढे येईना.
येत होती ती दोन पोरं:
तन्वेश पावसे, वय सोळा,
आणि अलंकार दोरकुळकर, त्याहून चार महिन्यांनी लहान.
मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

सौदा हर्णै बंदरात झाला, लिलावाच्या वेळी.
बैलगाड्या पाण्यात,
मी बर्फाच्या पेटीवर.
मुरुडचे दिनानाथ आले चपला हातात घेऊन.
त्यांचा संघ तळाला, यंदाचं त्यांना काही नको होतं.
म्हणाले, मुनाफला न्या.
चौतिशी गाठलीय, गुडघ्याला पट्टी बांधतो,
पण आठव्या षटकात
सहाच्या सहा बुंध्यात टाकतो.
आणि बदल्यात?
त्यांनी दोन बोटं वर केली.
शेजारी सुरमईवर कोणीतरी ओरडत होतं,
अकराशे, बाराशे, बाराशे एक,
आणि मी मान हलवली.
आमच्याकडे मान हलली की माल गेला.

त्याच सकाळी
तळव्याएवढं पापलेट आणलं म्हणून
एका नाखव्याला मी चारचौघांत झापलं होतं,
बारीक आसाचं जाळं टाकतोस, लाज नाही?
ते आठवलं.
आठवलं, आणि दिनानाथना चहा पाजला.

तन्वेशची आई खळ्यात बोंबील वाळवत होती.
"दिलास? नि काय घेतलास?"
बॉलर, म्हटलं.
"किती दिवसांचा?"
मेअखेरपर्यंतचा.
ती पुढच्या काठीकडे गेली.
अलंकार मात्र खूश. मुरुडवाले त्याला
स्पाइकचे बूट देणार होते.
त्याच्या खूश होण्याचं मला वाईट वाटलं,
हे मी मंडळाच्या वहीत लिहिलं नाही.

मुनाफ आला. रोजे चालू होते.
उन्हात तीन-तीन सामने, पाण्याला शिवला नाही,
पायात वाळू, ओठ कोरडे, आणि चेंडू
नेमका बॅटच्या खाली.
सहा सामन्यांत चौदा बळी.
कमरेएवढा चषक आला,
तो कॅरमच्या खोलीत मावेना,
दार काढून आत घेतला.

त्या रात्री बंदराच्या कठड्यावर
तो गुडघ्याची पट्टी सोडत बसला होता.
म्हणाला, "मलाही इथूनच दिलेला. सोळाव्या वर्षी.
मुरुडचा एक बॅट्समन हवा होता तुमच्या मंडळाला.
लांब मारतो म्हणे.
त्याचं पुढे काय झालं हो?"

तीन सामने, एकोणीस धावा.
मग इथलीच बायको, सासऱ्यांचा बर्फाचा कारखाना,
मंडळाचं सेक्रेटरीपद.
हे त्याला ठाऊक होतं.
पट्टीची गुंडाळी करून त्याने खिशात घातली
आणि मला एक खजूर दिला.
बी कुठे टाकावी कळेना, बराच वेळ तोंडातच राहिली.

काल मुरुडला गेलो होतो, बर्फ पोचवायला.
ओहोटीची वाळू, घट्ट, पिचसारखी.
तन्वेश लांबून धावत येत होता.
त्याचा रन-अप बदललाय.
कोणीतरी दोन पावलं कमी केलीत,
आणि आता हात वेळेवर वर येतो.
इतकं साधं होतं.
दोन वर्षं रोज संध्याकाळी
मी त्याच बाजूला उभा असायचो.

टेम्पो बंद केला नाही.
त्याने ओळखलं असावं, हात अर्धा वर केला,
की चेंडू मागत होता कोण जाणे.
मागे बर्फ होता. मी निघालो.