दोनशे चौदा खाती

कागदगिरणी शुक्रवारी बंद होणार,
म्हणून बुधवारी मला सांगितलं, सगळी खाती बंद कर.
हातानं नको, पायथननं कर, लवकर उरकेल.

मी लायब्ररी बसवली.
आधी तिनं मलाच विचारलं, कोण तू?
आयडी दिला, गुपित दिलं,
तासाभराचं टोकन पदरात पडलं.
या लायब्ररीची एक खोड आहे:
प्रत्येक हाकेआधी लिहावं लागतं ‘अवेट’.
वाट बघ.
बघितली.
बाहेर दुपारी दोनलाच काळोख, टोर्निओ नदी गोठलेली,
पलीकडे स्वीडनचे चार दिवे.

नावं पानापानानं आली, पानाला शंभर.
आइला, जिनं मला लगद्याचा वास ओळखायला शिकवलं.
दोन पेक्का, एकमेकांशी न बोलणारे.
प्रत्येकापुढे एकच शब्द बदलायचा,
खऱ्याचं खोटं.

एन्सिओ काल्लियोया.
मार्चमध्ये गेला. शवपेटीमागून मी चालले होते.
शेवटचं लॉगिन: आज, पहाटे चार दहा.

बॉयलरखोलीतल्या जुनाट कॉम्प्युटरवर
त्याची बावीस ओळींची फाईल सापडली.
पासवर्ड तिच्यात उघडाच,
बायकोचं नाव आणि लग्नाचं साल.
रोज पहाटे ती त्याच्या नावानं आत शिरते,
नदीतल्या मोजपट्टीचा आकडा उचलते,
दोन्ही काठच्या अकरा जणांना कळवते:
बर्फ एकेचाळीस सेंटिमीटर. चालत या. गाडी नको.

मेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवता येत नाही.
तसा नियम आहे,
आणि नियम मीच लिहिला होता.

मग फाईलला तिची स्वतःची ओळख काढून दिली.
नावाचा रकाना मोकळा सोडला तर चूक दाखवतात,
म्हणून लिहिलं, ‘बर्फ’.
आणि लूप सोडला.
दोनशे तेरा वेळा वाट बघून झाली
तेवढ्यात टोकनचा तास भरला.
चारशे एक. ओळख पटत नाही.
राहिलेलं खातं माझंच, उलितालो, इर्या,
आडनावामुळे शाळेपासून यादीत शेवटी.

गुरुवारी सकाळी पलीकडून एक उत्तर आलं, हिल्दूर निएमीचं:
हा बर्फ कोण?
एन्सिओ बरा आहे ना?
रोज नेमानं लिहायचा.

उत्तराच्या चौकटीत तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
आज बेचाळीस सेंटिमीटर आहे.
मी बूट शोधतेय.