हजेरी

दुसरा मंगळवार. तासगावची एसटी.
मांडीवर फाइल, नावाची बाजू खाली.

बेदाण्याच्या शेडमध्ये तो काड्या निवडत असतो.
मला बघून उठतो, हात पुसतो.
मोबाइल दाखव म्हटलं की दाखवतो. कीपॅडचा.
"चहा, मॅडम?"
नको.

मालकाला सांगून त्याची सुट्टी साडेसहाला नेली;
शाळा पाचला सुटते आणि रस्ता एकच.
त्यानं कारण विचारलं नाही.

फॉर्मवर रकाना आहे: वर्तनात सुधारणा, होय की नाही.
सहा वर्षं झाली, पेन तिथंच अडतं.
मी लिहिते, हजर.

ती आता विट्याला मामाकडं असते म्हणे.
तिथं कुठल्याच मंगळवारी कुणी जात नाही.
विट्याची गाडी
शेजारच्याच फलाटाला लागते.