पहिल्या तारखेचं पत्र

'प्रभूमध्ये सलाम' एवढं लिहून झालं
की मी दर महिन्याला अडते.
रात्रीचे साडेदहा. निपाणीत वीज आत्ता आलीय.
शांतवन पलीकडे घोरतोय,
आणि पुणे, मिरज, हुबळी, मस्कत,
एक तर मेलबर्नचा,
अशी एकशे बेचाळीस माणसं
माझ्या बोटांकडे बघत बसल्यासारखी.

मागल्या खेपेला लिहिलं, सव्वीस मुलं.
सव्वीस म्हणजे हजेरीपटावर.
वखारीत माल उतरला की अकरा.
पोरी आयांच्या जोडीनं तंबाखू निवडायला बसतात
आणि संध्याकाळी शाळेत येतात त्या शिंकतच.
वह्यांना वास. डब्यांना वास.
आमेनच्या आधी एक शिंक, नंतर दोन.
हे नाही लिहायचं, शांतवन म्हणतो,
देणाऱ्याला फळ दाखवावं, खत नाही.

म्हणून फोटो. फोटोत दानव्वा.
तिला हस म्हणावं लागायचं नाही,
पुढचे दोन दात पडलेले,
त्या खिडकीतून सगळं घर दिसावं तशी हसायची.
तिच्या हसण्यावर मार्चमध्ये पंखा आला,
जूनमध्ये चार बाकं.
मराठी पत्र मी लिहिते, मग हुबळीकरांसाठी तेच कन्नडात.
कन्नडात मागताना लाज जरा कमी वाटते,
आईनं त्या भाषेत कधी रागावलं नाही, म्हणून असेल.

श्रावणात लगमव्वा लेकीला घेऊन
संकेश्वरला भावाकडे गेली.
कुणी म्हणालं नवऱ्यानं मारलं, कुणी म्हणालं उचल फिटेना.
पिशवी डोक्यावर, पोर हाताला,
दारातून एवढंच, 'बरतीवि अक्का.'
येतो, असं सांगूनच जातात इथं माणसं,
दोन्ही भाषांत.

त्यानंतरची दोन पत्रं
मी दानव्वाच्याच फोटोवर काढली.
जुना होता. पण कुठं काय बिघडलं होतं?
पंखा खरा, बाकं खरी, हसू तर सगळ्यांत खरं.

उत्तर तसं कुणाचं येत नाही.
पैसे येतात, पैशांना आवाज नसतो.
एक मिरजेच्या प्रियवंदा लोंढे, रिटायर नर्स,
दरमहा दोनशे रुपये आणि दोन ओळी,
ना स्वल्पविराम ना पूर्णविराम.
परवा त्यांनी लिहिलं
'मुलीच्या अंगावर तोच फ्रॉक आहे तिसऱ्यांदा
आता थंडी पडली असेल तिकडे'

ते वाचून मी उठले, माठातलं पाणी प्याले.
परत बसले.
'प्रभूमध्ये सलाम.
फोटोतली मुलगी श्रावणापासून इथं नाही.
मी सांगितलं नाही.
काल सात मुलं आली. काल काहीच घडलं नाही.
दिवा गेला, आम्ही अंधारात पाढे म्हटले,
नवाच्या पाढ्यात सगळीच अडखळली, मीही.'
शेवटी मागायचं असतं, ते राहूनच गेलं.
शांतवनला न उठवता पाठवून दिलं.

सकाळी त्यानं वाचलं.
चहा घेतला नाही.
मस्कतचे रणभिसे हिशेब मागतायत,
मागावाच त्यांनी.
मेलबर्नवाल्यानं कळवलं, पुढल्या महिन्यापासून पत्र नको.
बाईंच्या दोन ओळी आल्या दुपारी
'स्वेटर विणायला घेतलाय दानव्वाचं माप असेल तर दे
नसेल तर जी आहे तिचं'

शेजारच्या टेलरकडून टेप आणली.
सुगंधा पहिली आली, तिलाच उभी केली,
खांद्यापासून खांद्यापर्यंत
साडेअकरा, बारा,
तेवढ्यात ती शिंकली.

माप पुन्हा घ्यावं लागलं.