तर्तियस

त्याच्या वाट्याला एकच ओळ.
सोळाव्या अध्यायात, सलामांच्या गर्दीत,
पौलाचं पत्र लिहून घेणारा
एकदाच आपलं नाव सांगतो.

शब्दसूची पाहिली. दुसरीकडे कुठेच नाही.
गाव नाही, बायको नाही,
बोटं दुखली का, तेही नाही.

सदरच्या खोलीत पाणी संपलेला कूलर.
पान उडू नये म्हणून चष्म्याचं घर ठेवलंय.
पाळकांना विचारलं नाही.
ते म्हणतील, हिवाळे, आधी पौल वाचा.

एकतीस वर्षं जिल्हा कोर्टाबाहेर
निंबाच्या सावलीमागे टेबल सरकवत
मी टाइप केले जामीन, घटस्फोट, वारसदाखले.
तळाशी डावीकडे, बारीक, माझी दोन अक्षरं,
तीही वकिलांनी पुढे काढायला लावली.

पौल पाणी प्यायला थांबला असेल.
की यानंच मान वर करून विचारलं,
मीही लिहू का?

कोराडीच्या एका बाईचा अर्ज आठवतो. मुलगा आत होता.
घंटी वाजली, शेवटची ओळ संपली,
खाली चार बोटं कागद कोरा.
मी तो ओढून काढला, बाईंना दिला.

आज पेन्सिलीला टोक काढलं
आणि समासात लिहिलं:
सलाम पोचला.