सत्तावीस नंबर

टेरहुनबाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं,
अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला लावून काही होत नाही.
त्यापेक्षा चर्चमधल्या बायकांनी दिलेल्या गोधड्या बऱ्या.
म्हणून आमचा स्टुडिओ तळघरात, जुन्या लाँड्रीत,
चौदा गोधड्यांच्या आत.
बोललं की शब्द ओठांपाशीच विझतो.
कॉर्बिन म्हणाला, इथे शिव्या द्यायलाही मजा नाही.

गृहपाठ असा : कॉलेजातली प्रत्येक रिकामी खोली,
एकेक मिनिट.
वाजवायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंही नाही.
सगळे हसले.
तीनशे बारा पोरं, अकरा इमारती,
सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा
आणि एप्रिल उलटला तरी न हलणारा बर्फ.
ऐकण्यासारखं काय आहे इथे?

माझ्या वाट्याचं यंत्र निळ्या चिकटपट्टीनं बांधलेलं.

पहाटे पाचला जेवणघर, वर्ना चूल पेटवायच्या आत.
एक फ्रीज एका सुरात, दुसरा जरासा उतरलेला,
दोघांचं वर्षानुवर्षं जमलेलं नाही.
मग व्यायामशाळा :
थंडीनं लाकडी फरशी आळस देते, फळी फळी करत.
प्रयोगशाळेत माशांच्या टाकीचा पंप
आणि त्यामागे, फार मागे, घड्याळ.
हेडफोन काढला की सगळं नेहमीसारखं मुकं.
घातला की खोली जागी, आणि मीच आगंतुक.

मधेच कुणी दार उघडायचं.
काय करतेस?
खोली रेकॉर्ड करतेय.
बरं, म्हणून दार इतकं हळू लोटायचं
की आत बाळ निजलंय जणू.

एकोणतीस मिनिटं भरली तेव्हा लक्षात आलं,
आधी खोलीचं नाव सांगायचं असतं.
मी एकदाही सांगितलं नव्हतं.
यंत्रात नुसते आकडे.
आणि सकाळी नऊला द्यायचं.

रात्री बॉयलरच्या खोलीत गेले, रेनो लाहतीकडे.
छत्तीस हिवाळे तो या इमारती ऊबदार ठेवतोय.
डावा कान लाकडाच्या गिरणीत गेला, उजवा शाबूत.
त्यानं टोपी काढली, हात पुसले,
हेडफोन एका बाजूनं धरला, डोळे मिटले.

हे ग्रंथालय. तिसऱ्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह ठोकतोय.
वसंतात बदलीन म्हणतो. दर वसंतात म्हणतो.

हे प्रार्थनाघर. पूर्वेची काच सैल.

हे मुलींचं न्हाणीघर.
माफ कर, नळ मी बसवलेत, म्हणून कळतं.

हे तुमचं गोधड्यांचं. काहीच नाही, म्हणजे तेच.

मी लिहीत गेले.
मधे तो उठला, एक चाक पाव वळसा फिरवून आला,
कशासाठी ते मी विचारलं नाही.

सत्तावीसला थांबला.
पुन्हा लाव.
पुन्हा लावलं.
खोल घरघर, तिच्यावर बारीक शीळ,
लांब कुठेतरी पाणी उतरत चाललेलं.
सवयीनं डाव्या कानाला लावून पाहिलं, हसला, परत उजव्याला.
ही आपली नाही, म्हणाला.
केवढं मोठं आहे काहीतरी. जहाज असणार.
धक्क्यावर गेली होतीस की काय, या थंडीत?

आमच्या पाठीमागे बॉयलर घरघरत होता,
वर बारीक शीळ.
मंगळवारी तो जेवायला गेला असताना
मी याच स्टुलाशेजारी श्वास धरून उभी होते.

बाकी अठ्ठावीस नावं सुवाच्य अक्षरात.
सत्तावीससमोर कोरं.
टेरहुनबाईंनी चष्मा वर केला, ही कुठली?
विचारून सांगते, म्हटलं.

अजून विचारलेलं नाही.