सोनेरी अक्षरांचे वेगळे पैसे

मार्च लागला की वेलजीभाईंच्या दुकानात
सरसाचा वास बसतो, तो मे महिन्यापर्यंत उठत नाही.
मी तत्त्वज्ञानाचं पुस्तक कटिंग मशीनमागे ठेवते,
गिऱ्हाइकाला दिसलं की ते हमखास विचारतं,
"याचं पुढे काय?"
जसं काही मी गरोदर आहे.

माझ्या विषयाला प्रॅक्टिकल नाही.
वेळापत्रकात मंगळवार-गुरुवारची दुपार कोरी,
म्हणून मी इथे, माटुंग्यात, जिन्याखालच्या गाळ्यात.
झेरॉक्स दीड रुपया, बाइंडिंग दोनशे वीस,
पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत तर वेगळे पैसे.
सगळ्या शाखांची शेवटची वर्षं
माझ्या हातांखालून जातात, काळ्या पुठ्ठ्यात.

सिव्हिलचा निनाद खराडे.
तीन प्रती, एकशे बारा पानं,
सदतिसाव्या पानावर गेल्या वर्षीच्या मुलाचं नाव
पुसायचं राहिलेलं.
मी बोट ठेवलं.
"जाऊ दे गं, सर तिथपर्यंत येतच नाहीत."
आत एक पूल होता, भारासकट.
मी त्यावरून चालणाऱ्या माणसांचा विचार केला
आणि व्हाइटनर पुढे केला.
त्याचे पैसेही लावले नाहीत.

कॉमर्सची अल्फिया
मशीद बंदरला मसाल्याच्या पेढीवर बसली तीन महिने.
तिच्या अहवालात एका पानावर हळदीचा अंगठा.
म्हटलं, नवीन प्रिंट काढू?
"नको, तेवढंच माझं आहे.
बाकी सगळं सरांनी सांगितलं तसं लिहिलंय."

मायक्रोबायोलॉजीच्या पुष्करच्या काचेच्या बशीत
एकवीस दिवस काही उगवलंच नाही.
आकडे बसव, असं सगळेच म्हणाले.
त्याने निष्कर्षात एक ओळ लिहिली:
अपेक्षित वाढ आढळली नाही.
ते जवळजवळ कोरं पान
सगळ्या प्रतींत आहे ना, हे त्याने दोनदा पाहिलं
आणि सोनेरी अक्षरं सांगितली.

मग एकदा रात्री साडेनऊला, शटर अर्धं खाली असताना
सुनयना तायशेटे वाकून आत आली.
समाजकार्य, शेवटचं वर्ष, सकाळी तोंडी परीक्षा.
तिच्या प्रती आम्ही दुपारीच बांधून दिल्या होत्या.
"एक नाव काढायचंय.
गोवंडीच्या एका बाईंचं. आधी हो म्हणाल्या होत्या.
आज म्हणाल्या, नको. घरी कळेल."
मी व्हाइटनर शोधू लागले.
ती म्हणाली, "उजेडात धरलं की खालचं दिसतं."

मला सदतिसावं पान आठवलं.

वेलजीभाईंनी घड्याळ पाहिलं, बायकोला फोन केला,
गुजरातीत काहीतरी खोटं सांगितलं,
आणि दिवा खाली ओढला.
"पान फाडायचं नाही. सिलाई उसवायची. बघ."
पुठ्ठा सुटतो तेव्हा
खपली निघाल्यासारखा आवाज होतो.
तीन प्रती. नाव नऊ ठिकाणी.
सुनयना नवीन पानं छापून आणत होती,
मी दोरा ओवत होते, बोटं चिकटत होती,
कोणी कोणाला काही समजावत नव्हतं.
दोन वाजता वजनाखाली ठेवल्या.
पैसे द्यायला तिने पाकीट काढलं,
त्यात बसच्या तिकिटांची जुडी होती, जाड,
वर्षभराची असावी.
वेलजीभाई म्हणाले, "सोनेरी नाय मारला, टाइम नव्हता."
ती हसली. तिला ते नकोच होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी माझा नीतिशास्त्राचा पेपर.
प्रश्न चौथा, गुण पंधरा:
कर्तव्य आणि परिणाम यांतील भेद
उदाहरणासह स्पष्ट करा.
भेद मला पाठ होता. तो मी लिहिला.
'उदाहरणार्थ' लिहून थांबले.
निनाद आठवला, व्हाइटनरची बाटली आठवली,
ती ज्या हाताने दिली तो हात
समोर बाकावरच होता.
नखाच्या कडेला सरस वाळलेला,
उत्तरपत्रिकेचं पान त्याला चिकटलं,
आणि न फाडता ते सोडवायला
मला थोडा वेळ लागला.