मेहामन ते बेर्लेवोग

मेहामनच्या विमानतळावर मी एकटीच असते.
तिकीट मीच बघते, बॅग मीच तोलते,
मग जाकीट बदलून काचेच्या त्या बाजूला
पट्टा काढा, खिसे रिकामे करा, म्हणणारीही मीच.
लोक दोन्हीकडे मला नव्यानं नमस्कार करतात.
गावची रीत आहे.

भिंतीवरच्या नकाशात बेर्लेवोग
माझ्या अंगठ्याएवढ्या अंतरावर.
नाकासमोर उडालं तर पन्नास किलोमीटरही नाही,
वीसेक मिनिटं,
कॉफी ओतेस्तोवर चाकं टेकतात.
रस्त्यानं तीनशे चाळीस.
मधे फ्योर्ड आहे, समुद्राची लांब जीभ,
डोंगर चाटत चाटत पार आत गेलेली,
आणि रस्ता तिला टाळत, हेलपाटत
खाली तानाच्या पुलापर्यंत जातो,
पूल ओलांडतो, पुन्हा वर येतो.
द्राविडी प्राणायाम, तोही बर्फातला.

तर आर्नुल्फ हेनिंगसेन, वय एक्क्याऐंशी,
शुक्रवारी माझ्या ट्रेमध्ये दात विसरून गेला.
वरची कवळी, चौकड्याच्या रुमालात.
यंत्र ओरडेल म्हणून काढली असणार.
मी तसं सांगितलं नव्हतं.
मी कुणालाच तसं सांगत नाही.
रविवारी त्याच्या पणतीचा बाप्तिस्मा,
फोटो, जेवण, सगळं.

शनिवारी वारा आडवा.
सकाळचं विमान रद्द. दुपारचं, बघू.
मी कवळी डब्यात घातली,
डबा शेजारच्या सीटवर ठेवला,
आणि का कोण जाणे, त्याला पट्टा लावला.

डोंगरावर फाटक बंद होतं.
तासभर थांबलो, सहा गाड्या,
मग बर्फ उपसणारा ट्रक आला पिवळा दिवा फिरवत
आणि आम्ही त्याच्यामागे, लहान मुलांसारखे,
पुढच्याचा दिवा न सोडता.
माझ्यापुढे माशांचा ट्रक. दोन तास
जगात फक्त त्याचे दोन लाल ठिपके.

बावीस वर्षं मी बेर्लेवोगची चिठ्ठी बॅगांना बांधतेय.
मधे काय आहे, कधी विचारलं नव्हतं.
मधे हे होतं:
निळा ट्रॅक्टर, छतापर्यंत गाडलेला.
रस्त्यात उभे रेनडिअर, हॉर्नला न जुमानणारे.
पुलाजवळच्या दुकानात इसाक नावाचा माणूस,
त्यानं विचारलं, मेहामनहून? विमान नाही का?
आहे, म्हटलं.
तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला
आणि पाव बांधताना एक जास्तीचा टाकला.

पलीकडच्या चढावर आभाळ मोकळं झालं.
वारा पडला. आणि डोक्यावरून गेलं
दुपारचं विमान, बघू म्हटलेलं,
अर्धं रिकामंच असणार.
मी गाडी थांबवून हात केला.
काय करणार?

रात्री दार नातीनं उघडलं.
आर्नुल्फ स्वयंपाकघरात, पुढ्यात सूपची वाटी,
कवळी बसवली, दोनदा टकटक केली,
म्हणाला, काल मासा होता, दात नव्हते.
आता दात आले तर मासा संपलाय.
मग गंभीर होऊन:
विमानानं पाठवायचे होतेस गं.

खिडकीतून त्यानं बोट दाखवलं,
ते बघ, समोर, तुझं गाव.
मला काळोख दिसला, आणि काचेत आम्ही दोघं.
हो, म्हटलं, दिसतंय.

उद्या दुपारी विमान आहे, नात म्हणाली,
आकाश स्वच्छ, वीस मिनिटांत घरी.
पण गाडी इथं आहे ना माझी.